वाचकांचे प्रश्न : किलॅरोचे गाव कुठे गेले?

मागील अंकात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील आयला या बेटाचा एक जुना नकाशा छापला होता. त्यावर तीन पॅरिशांच्या, म्हणजे चर्चच्या हद्दींच्या, सीमा आणि पंचवीस-तीस शेतवस्त्यांची नावे होती. या बेटावरील नावे वाचताना आपल्या वऱ्हाडातल्या आणि वर्ध्याकडच्या गावांची नावे आठवतात, एवढेच सोबतच्या चार ओळींत म्हटले होते. त्या चार ओळींवर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

उत्तरांपूर्वी एक खुलासा. बेटाचे नाव छापताना चूक झाली असावी, असे दोघा-तिघांनी सौम्य शब्दांत कळवले आहे. चूक झालेली नाही, उच्चार 'आयला' असाच आहे. इंग्रजी लेखनात मधे जो 'एस' दिसतो तो उच्चारत नाहीत. बेटाचे गेलिक भाषेतील नाव 'ईले' असे आहे आणि सातव्या शतकाच्या अखेरीस आयोना मठाचे प्रमुख असलेल्या अॅडम्नान यांनी लॅटिनमध्ये ते 'इलेआ' असे लिहिले आहे. 'एस' पुढच्या काळातल्या लेखनिकांनी घुसडला. घरात हे सदर मोठ्याने वाचताना कोणी चमकून पाहिले, तर त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : नकाशावर किलखोमन, किलॅरो आणि किल्डाल्टन अशी तीन मोठी नावे आहेत, परंतु त्या नावांची मोठी गावे नकाशात सापडत नाहीत. पॅरिश म्हणजे आपल्याकडील मौजा समजावा काय? आणि गाव नसताना त्याच्या नावाने पॅरिश कसा चालतो? – एक सेवानिवृत्त पटवारी, ता. बाभूळगाव, जि. यवतमाळ

आपण आयुष्यभर सातबारा लिहिलेला असल्यामुळे पहिली शंका मौजाची यावी हे स्वाभाविकच आहे, पण मौजा फार लहान पडतो. आयला बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ६२० चौरस किलोमीटर आहे आणि ते सगळे तीन पॅरिशांत वाटलेले आहे, म्हणजे एकेका पॅरिशात अनेक शेतवस्त्या येतात. आकाराने पाहिले तर तो आपल्या जुन्या परगण्याच्या जवळ जातो. मात्र परगणा सरकारी वसुलीसाठी आखला गेला आणि पॅरिश चर्चसाठी. कोणत्या शेताच्या पिकाचा दहावा भाग कोणत्या चर्चला जाईल, कोणत्या घरच्या मुलाचा बाप्तिस्मा कोणता धर्मगुरू करील आणि मेलेल्या माणसाला कोणत्या आवारात पुरतील, या तीन गोष्टी ठरवणारी रेघ म्हणजे पॅरिशची सीमा. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर ही व्यवस्था बाराव्या शतकात, पहिल्या डेव्हिड राजाच्या काळात बसत गेली. आयला आणि आसपासची बेटे तेव्हा नॉर्वेच्या राजाची होती. ती १२६६ च्या पर्थ येथील तहाने स्कॉटलंडला मिळाली.

पुढे सरकारला ही तयार चौकट सोयीची वाटली. १८४५ च्या कायद्याने गरिबांच्या पोटगीची व्यवस्था पॅरिशनिहाय मंडळांकडे आली, १८७२ मध्ये शाळांची मंडळे पॅरिशवार निघाली आणि १८९४ च्या कायद्याने निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली सुरू झाल्या. १९३० मध्ये त्या मोडीत निघाल्या, तरी पॅरिश पुसले गेले नाहीत. स्कॉटलंडमधील ८७१ नागरी पॅरिश आजही जनगणनेच्या आकड्यांसाठी वापरात आहेत. परगणे जाऊन तालुके आले तरी आपल्याकडे जुन्या खरेदीखतात 'परगणे अमुक' असे सापडते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की तिकडे जुनी रेघ अजून कामाला येते.

आता गाव कुठे गेले ते सांगतो. किलॅरो हे एके काळी खरोखरच नांदते गाव होते. बेटाच्या मधोमध पश्चिमेकडून इंडाल नावाची समुद्राची खाडी आत घुसते, तिच्या टोकाशी, आज ब्रिजएंड म्हणतात त्या जागेजवळ ते वसलेले होते. चर्च तिथेच, बाजार तिथेच आणि दुर्दैवाने बेटाच्या मालकाचा वाडाही तिथेच. १७२६ मध्ये डॅनियल कॅम्पबेल या धनिकाने जवळजवळ संपूर्ण बेट विकत घेतले होते. त्याच्या नातवाला, तोही डॅनियलच, वाड्याच्या अंगणापाशी गजबजलेले गाव नको होते. त्याने खाडीच्या काठाने काही मैलांवर सरळ रस्त्यांचे नवे गाव आखले आणि १७६८ मध्ये ते वसवले. ते बोमोर. आज बेटावर हिंडणाऱ्याला बोमोर दिसते, किलॅरो दिसत नाही, त्याचे कारण हे.

परंतु गाव हलले तरी पॅरिशचे नाव बदलले नाही. बोमोरच्या मुख्य रस्त्याच्या वरच्या टोकाला जे नवे चर्च बांधले, ते आजही किलॅरो पॅरिशचे चर्च म्हणूनच ओळखले जाते. ते पूर्ण गोल आहे. सैतानाला लपायला कोपरा राहू नये म्हणून ते गोल बांधले, असे तिथले लोक पाहुण्यांना सांगतात; ही गोष्ट पाहुण्यांनाही आवडत असावी, कारण प्रत्येक प्रवासवर्णनात ती येते. जुन्या जागी फक्त दफनभूमी आहे आणि तिच्यात मध्ययुगातले कोरीव थडगे-दगड अजून आहेत.

आपण ज्या तालुक्यातून लिहिता, तिथे हे समजावून सांगण्याची गरज नसावी. बेंबळा प्रकल्पात बुडालेली गावे उचलून दुसरीकडे बसवली, तेव्हा लोकांनी गावाचे नाव सोबत नेले. आयलामध्ये मात्र नव्या गावाला नवे नाव मिळाले आणि जुने नाव देवघराबरोबर गेले. आणि ओसाड पडलेल्या ज्या गावाला महसुली दप्तरात आपण रीठ म्हणतो ते तर दोन्हीकडे सारखेच. माझ्या आजोळच्या शिवारात असा एक रीठ आहे. वस्ती कधी उठली हे सांगणारे कोणी उरले नाही. नांगराच्या फाळाला खापरे लागतात, एक कठडा खचलेली विहीर आहे आणि निंबाखाली शेंदराने गुळगुळीत झालेला मारुती आहे. त्या रिठात एकही उंबरठा नाही, पण नकाशावर त्याचे स्वतंत्र नाव आहे, स्वतंत्र गट क्रमांक आहेत, आणि शेजारच्या गावचे लोक हनुमान जयंतीला नारळ फोडायला तिथेच जातात. किलॅरोच्या दफनभूमीत उभे राहिलेल्या माणसाला वेगळे काही दिसत असेल असे मला वाटत नाही.

राहिली दोन नावे. किलखोमन आणि किल्डाल्टन येथे मोठी गावे नाहीत, आणि त्याचे कारण एवढेच की पॅरिश चर्चच्या नावाने ओळखला जाई आणि चर्च गावात असावे असा नियम नव्हता. ते जुन्या साधूच्या जागेवर असे, मग ती जागा माळावर असो की समुद्रकाठी. आपल्या प्रश्नाला जोडून हेही सांगायला हवे की सरकारी दप्तरात नावे जोडीने येतात, 'किलॅरो व किलमेनी', 'किल्डाल्टन व ओआ'. वेगवेगळी असलेली क्षेत्रे एकत्र केली तेव्हा दोन्ही नावे ठेवली गेली. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' यांची ही जोडी नव्हे.

प्रश्न : बेटावरील इतक्या नावांच्या आरंभी 'किल' का येतो? तो आपल्या 'किल्ला' या शब्दाशी संबंधित आहे काय? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती

नाही. किल्ला हा अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला शब्द आहे, आणि गेलिकमध्ये किल्ल्याला 'डून' म्हणतात. आयलाच्या दक्षिण किनाऱ्यावर डुनिव्हेग नावाचा पडका किल्ला आहे, त्यात तो शब्द सापडतो.

'किल'चे मूळ लॅटिन 'केल्ला' या शब्दात आहे, म्हणजे एकट्या साधूची खोली, कुटी. आयर्लंडच्या भिक्षूंबरोबर हा शब्द आला. त्यांच्यातले सर्वांत प्रसिद्ध कोलुम्बा ५६३ मध्ये आयर्लंडहून निघाले आणि आयोना बेटावर त्यांनी मठ स्थापन केला. 'केल्ला'चे गेलिकमध्ये 'किल' झाले आणि अर्थही पसरत गेला: आधी कुटी, मग कुटीच्या जागी बांधलेले चर्च, मग चर्चभोवतीचे दफनाचे आवार. 'किल'च्या पुढे बहुधा साधूचे नाव येते. किलखोमन म्हणजे कोमनचे चर्च, किलखियारन म्हणजे किआरनचे, किलनॉटन म्हणजे नेख्टनचे. किल्डाल्टनच्या पुढच्या भागात 'डाल्टा' हा शब्द आहे, त्याचा अर्थ मानलेला मुलगा किंवा शिष्य. तिथल्या पडक्या चर्चच्या आवारात आठव्या शतकातला एक उंच क्रूस आहे, स्थानिक दगडाच्या एकाच शिळेतून घडवलेला. बाराशे वर्षे पाऊस आणि समुद्राचा खारा वारा खाऊनही त्यावरची नक्षी वाचता येते. चर्च पडले, क्रूस उभा आहे.

खरी गंमत किलॅरोची आहे, आणि आपण भाषेचे विद्यार्थी असाल तर ती लक्षात ठेवावी. आजच्या रूपावरून हे चर्च 'अॅरो' नावाच्या कोणाचे तरी असावे असे वाटते, आणि इंग्रजी जाणणाऱ्याला तर बाण आठवतो. पण जुन्या कागदात 'किलमोलरो' यासारखी रूपे सापडतात. ती पाहिली की उलगडा होतो: हे मेलरुबा या साधूचे चर्च आहे. मेलरुबा यांनी ६७३ मध्ये मुख्य भूमीवर अॅपलक्रॉस येथे मठ स्थापन केला आणि ७२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावातला पहिला भाग बोलता-बोलता झिजून गेला, आणि उरलेल्या तुकड्यावरून मूळ माणूस ओळखणे आज कोणालाही शक्य नाही, जुना कागद हाती असल्याखेरीज.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण यवतमाळ आहे. माळरान डोळ्यांसमोर असल्यामुळे 'माळ' या शब्दाचा अर्थ कोणी विचारत नाही. परंतु जुन्या गॅझेटियरात नोंद आहे की गावाचे नाव 'यवता' असे होते, ते परगण्याचे ठाणे असल्यामुळे पुढे 'महाल' लागले, आणि 'यवता महाल'चे 'यवतमाळ' झाले. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'त या परगण्याचे नाव 'योत-लोहारा' असे येते. लोहारा हे जवळचेच गाव. आता यात माळ कुठे आहे? चिखलदऱ्याचा संबंध कीचकाशी जोडणारी कथा आपण अमरावती जिल्ह्यातले असल्यामुळे लहानपणापासून ऐकली असेल. तिला कथा म्हणून जरूर जपावे, नावाचा पुरावा म्हणून पुढे करू नये.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक 'किल' म्हणजे चर्च नव्हे. गेलिकमध्ये रानाला 'कोल्ये' म्हणतात आणि इंग्रजी लिहिणाऱ्याच्या कानाला तोही 'किल'च ऐकू आला. मुख्य भूमीवरील किलीक्रँकी हे प्रसिद्ध नाव असेच आहे. तिथे साधू नाही, रान आहे.

प्रश्न : नकाशावर कॉर्नाबस, किन्नाबस, कुलाबस अशी नावे आहेत. तिथे बसथांबे आहेत का? – इयत्ता आठवीची एक विद्यार्थिनी, मेळघाट

तुझा प्रश्न वाचून मला आनंद झाला, कारण ही शंका मोठ्यांनाही आली असणार, त्यांनी लिहिली नाही. बसथांबे नाहीत, मोटार जगात यायच्या हजार वर्षे आधीची ही नावे आहेत.

नवव्या शतकापासून नॉर्वेकडचे लोक जहाजांतून या बेटांवर आले आणि शेती करून राहिले. त्यांच्या भाषेत शेतवाडीला 'बोल्स्तादर' म्हणत. एवढा लांब शब्द रोज कोण उच्चारणार? आयलामध्ये त्याचे 'बस' झाले. उत्तरेकडच्या स्काय बेटावर त्याचेच 'बॉस्ट' झाले, जसे कार्बॉस्ट. आणि मुख्य भूमीच्या अगदी उत्तर टोकाला 'बस्टर' झाले, जसे स्क्रॅबस्टर. आयलामधल्याच एका वस्तीचे नाव कोणी नेराबस लिहितो, कोणी नेराबोल्स. दुसरे रूप पाहिलेस तर 'बोल्स्तादर'चा अर्धा तुकडा तुला अजून तिथे अडकलेला दिसेल.

तुमच्या मेळघाटात कोरकू वस्तीला ढाणा म्हणतात. यवतमाळकडे कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात आणि चंद्रपूरच्या राजुरा भागात गोंडांच्या गावांच्या नावात गुडा येतो. नकाशावर नुसते ढाणा, पोड, गुडा शोधलेस तरी कोणत्या रानात कोणत्या भाषेची माणसे आधी राहिली ते कळते. आयलाचा नकाशा तसाच वाचतात. 'किल' दिसला तर गेलिक बोलणाऱ्यांचे चर्च, 'बस' दिसला तर नॉर्वेकडच्यांचे शेत. त्या लोकांची भाषा तिथून कधीच गेली, शेतांची नावे मात्र गेलिक बोलणाऱ्यांनी तशीच वापरली, आणि शेवटी इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनांनी कागदावर उतरवली. म्हणजे एक नाव तीन तोंडांतून गेले. तुमच्या शेजारच्या अचलपूरला इंग्रज 'एलिचपूर' लिहीत, हे तुझ्या गुरुजींना विचार.

प्रश्न : ऑक्टोमोर, ऑक्टोफॅड आणि ऑक्टोव्हुलिन या शेतांच्या नावांचा ऑक्टोबर महिन्याशी संबंध आहे काय? – एक शेतकरी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

दुरून आहे. जुन्या रोमन गणनेत ऑक्टोबर हा आठवा महिना होता, लॅटिनमध्ये 'ऑक्टो' म्हणजे आठ. गेलिकमध्ये आठला 'ओख्त' म्हणतात आणि आठव्या हिश्श्याला 'ओख्तव'. संस्कृतातील 'अष्ट' आणि आपला 'आठ' याच कुळातले. तेव्हा ऑक्टोमोर म्हणजे मोठा आठवा, ऑक्टोफॅड म्हणजे लांब आठवा आणि ऑक्टोव्हुलिन म्हणजे गिरणीचा आठवा.

आठवा कशाचा? जमिनीच्या आकारणीचा. मोजणी साखळीने होण्याच्या फार आधीपासून त्या बेटांवर जमीन एकर-बिघ्यांत मोजत नसत. ती किती उत्पन्न देईल, तिच्यावर किती देणे बसेल यावर तिची मापे ठरत आणि त्या मापांचे पाव, अर्धपाव पडत. आपल्या भागात हे कोणाला नवे वाटू नये. वर्धा-नागपूरकडे मालगुजारीच्या काळात 'तो दोन आण्यांचा हिस्सेदार' असे म्हणत, म्हणजे सोळा आण्यांत दोन आणे, हिशेब करून पाहावा, बरोबर आठवा हिस्साच होतो. एखाद्या गावाने 'दोन आणे' हेच नाव धारण केले असते, तर ते ऑक्टोमोरचे सख्खे भावंड ठरले असते. यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या नावामागे 'इजारा' लागतो. पडीत जमीन ठरलेल्या मुदतीने लावणीला देण्याच्या जुन्या पद्धतीची ती खूण आहे. इजारा गेला, इजारदार गेले, शब्द मात्र एस.टी.च्या पाटीवर अजून दिसतो.

ऑक्टोव्हुलिनमधील 'व्हुलिन' हा शब्द लागाव्हुलिन या दुसऱ्या नावातही आहे; त्या पूर्ण नावाचा अर्थ गिरणीचा खोलगट भाग. गिरणीला गेलिकमध्ये 'मुलिन' म्हणतात, पण 'गिरणीचा' म्हणायचे झाले की आरंभीचा 'म' बदलून 'व्ह' होतो. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचा शेवट बदलतो, घोडा असेल तर घोड्याचा होतो. गेलिकमध्ये शब्दाचे तोंडही बदलते. म्हणून कोमनचे किलखोमनमध्ये 'खोमन' झाले. नकाशावर दोन नावे वेगळी दिसली, तरी ती एकाच शब्दाची असू शकतात, ही गोष्ट न कळल्यामुळे पुष्कळ चुकीचे अर्थ छापले गेले आहेत.

प्रश्न : पोर्ट एलन आणि पोर्ट शार्लट या कोण? – एक वाचक, वरोरा

एक बायको आणि एक आई. वॉल्टर फ्रेडरिक कॅम्पबेल या बेटाच्या मालकाने १८२१ मध्ये वसवलेल्या बंदराला पत्नीचे नाव दिले आणि १८२८ मध्ये वसवलेल्या गावाला आईचे. क्रम असाच आहे. त्यावर घरात काय बोलणे झाले याची नोंद नाही.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांकडून गावच्या शिवारातील सगळ्या नावांची यादी करवून घ्यायचा विचार आहे. स्कॉटलंडमध्ये अशा याद्या कशा केल्या, आणि आम्ही त्या कशा कराव्यात? ओसाड गावांची नावे त्यात घ्यावीत काय? – एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

तिकडे दोन मोठी कामे झाली, आणि दोन्ही आपल्याला उपयोगी आहेत.

पहिले काम सर जॉन सिंक्लेअर यांचे. १७९० मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील नऊशेहून अधिक पॅरिशांच्या धर्मगुरूंना दीडशेपेक्षा जास्त प्रश्नांची एक यादी पाठवली. शेती, हवा, रोगराई, मजुरी, शाळा असे सगळे त्यात होते. पण आरंभीच पॅरिशचे जुने आणि नवे नाव काय आणि त्या नावाचा उगम काय हे विचारले होते. उत्तरे यायला वर्षे लागली, कंटाळा करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा पत्रे धाडावी लागली, आणि १७९१ ते १७९९ या काळात त्यांचे एकवीस खंड निघाले. त्यातील शेतीची माहिती सोन्यासारखी आहे. नावांचे अर्थ मात्र जपून घ्यावे लागतात, कारण धर्मगुरू विद्वान असला तरी नावाचा अर्थ लावताना तो आपल्यासारखाच कानावर विसंबत असे.

दुसरे काम एकोणिसाव्या शतकातील मोजणी खात्याचे, ज्याला तिकडे ऑर्डनन्स सर्व्हे म्हणतात. सहा इंचांना एक मैल या प्रमाणाचे नकाशे काढताना त्यांनी पॅरिशवार नावांच्या वह्या ठेवल्या. त्या वहीचे पान आपल्या मुलांनी डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. पानावर उभे रकाने आहेत. पहिल्यात नकाशावर जाणारे नाव. दुसऱ्यात त्याच नावाची जितकी वेगवेगळी लेखने आढळली तितकी, एकाखाली एक. तिसऱ्यात प्रत्येक लेखन कोणी सांगितले त्याचे नाव: जमीनमालक, धर्मगुरू, शाळामास्तर, शेतकरी किंवा जुना कागद. मग ठिकाण, आणि शेवटी वर्णन: घर आहे की ओढा, कौलारू आहे की पडके, कोणाच्या मालकीचे. लष्करी मोजणीदाराला गेलिक बहुधा येत नसे, म्हणूनच त्याने सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवले. आज दीडशे वर्षांनी त्या पानाची किंमत तिसऱ्या रकान्यात आहे.

तेव्हा आपण हाच नमुना घ्यावा. एका नावाला एक ओळ न देता अर्धे पान द्यावे. मुलांनी 'भरडीचे वावर' लिहिले तर ते कोणी सांगितले, त्याचे वय काय, तो हेच नाव म्हणतो की त्याची आजी वेगळे म्हणायची, हे लिहावे. धुरा, पांदण, नाला, टेकडी, विहीर, देवाची जागा यांपैकी काहीही सोडू नये. नाव अशुद्ध वाटले तरी सुधारू नये. विशेषतः आपण शिक्षक असल्यामुळे हा मोह अनावर होईल, आणि तो आवरावा. 'खापरी'चे 'खर्परी' केलेत की पुढच्या शोधकाची वाट आपणच बुजवली. अर्थाचा रकाना सगळ्यात शेवटी आणि पेन्सिलीने भरावा.

दप्तरातला आधार आपल्याकडे तितका दुर्मीळ नाही. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली; त्याआधीचा शोध पॅरिशच्या बाप्तिस्मा-विवाहांच्या नोंदवह्यांत घ्यावा लागतो, आणि तिथे माणसाच्या नावापुढे शेतवस्तीचे नाव लिहिलेले आढळले तर ते त्या वेळचे लेखन म्हणून मोलाचे ठरते. आपल्याकडे त्या जागी कोतवाल बुक आहे. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्याच्या नकला काढतात आणि काम झाले की ठेवून देतात. त्या नकला मुलांनी घरोघर मागाव्यात. जुन्या नोंदीत गावाचे नाव कसे लिहिले आहे, मौजाच्या नावामागे काय लागले आहे, एवढेच उतरवून घ्यावे. जातीचा रकाना उतरवू नये, त्याचा या कामाशी संबंध नाही आणि घरच्यांना शंकेला जागा नको.

ओसाड गावांची नावे घ्यावीत काय, असे आपण विचारता. ती सर्वांत आधी घ्यावीत. नांदत्या गावाचे नाव ग्रामपंचायतीच्या पाटीवर आहे, पोस्टाच्या शिक्क्यावर आहे, ते कुठे जात नाही. रिठाचे नाव महसुली नकाशावर असते आणि त्याखेरीज गुरे चारणाऱ्या दोन-चार म्हाताऱ्यांच्या तोंडी. नकाशावरचे लेखन आणि त्यांचा उच्चार पुष्कळदा जुळत नाही, तो उच्चार हवा आहे. मुलांना उन्हाळ्यात पाठवू नका, गुरे तेव्हा शिवारभर पांगलेली असतात आणि माणूस सापडत नाही. दिवाळीनंतर, कापूस वेचणी चालू असताना, दुपारच्या जेवणाच्या वेळी धुऱ्यावर माणसे एकत्र बसतात. त्या वेळी जावे, आणि वहीबरोबर तलाठ्याकडचा गावनकाशा न्यावा. नकाशा उलगडला की म्हातारा बोट ठेवूनच बोलू लागतो.